छातीवरचे सहा डाग

कळसाडी, ता. शहादा
२२ जानेवारी १९६५

चुनीलाल,

तुझा दाजी सुखरूप घरी पोचला. हे एक वाक्य तुझ्या बहिणीच्या हुकमावरून लिहिलं, इथून पुढचं पत्र माझं.

सुरतेला गाडीत बसायला जागा मिळाली. खांडबाऱ्याला चहा घेतला, नंदुरबारला उतरलो, शहाद्याची मोटार पकडली आणि घरी आलो तर तुझी जसोदाताई दारातच उभी. कापूस तोलायच्या काट्यावर मला घेरी आली तेव्हापासून ती माझ्याकडे तडा गेलेल्या माठाकडे बघावं तशी बघते. पाणी नाही, गूळ नाही, पहिला शब्द काय तर सदरा काढा. काढला. आणि ती मटकन उंबऱ्यावर बसली.

सहा डाग आहेत, चुनीलाल. छातीच्या मधोमध सुरू होतात आणि डावीकडे काखेपर्यंत ओळीने जातात. एकेक चांदीच्या रुपयाएवढा, वाटोळा, जांभळा. तू दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसला होतास म्हणून सांगतो आत काय झालं. कंपौंडरने आधी माझी छाती भादरली. मग गार मलम चोपडला आणि रबरी फुगा लावलेली एक पितळी वाटी छातीवर टेकवून फुगा सोडला. वाटीने कातडी अशी ओढून धरली की मला आईची आठवण झाली. तेवढ्यात वीज गेली. वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. सहा जागा, आणि प्रत्येक जागी चार-चार वेळा. डॉक्टर आपला कागदाच्या पट्टीकडे बघत बसलेला.

मला तिथेच समजलं की ही तर आपली तुंबडी. आपल्याकडे फुलसिंग डोंगरातून बाजाराच्या दिवशी येतो, बैलाचं शिंग पाठीला लावतो, तोंडाने वारा ओढतो आणि दुखणं वर काढतो. सुरतेच्या डॉक्टरने तेच विजेवर केलं. तरी शंका नको म्हणून तुला स्टेशनवर विचारलं, तर तूच म्हणालास, दाजी, यंत्राने सगळं ठीक केलं, आता काही काळजी नाही. मग माझा जीव भांड्यात पडला.

तू दिलेली गोळ्यांची पुडी भिंतीतल्या देवळीत ठेवली आहे. दुखणं निघून गेल्यावर गोळ्या कशाला खायच्या. काल उसाची एक मोळी उचलून बघितली, सहज उचलली गेली. गावातले लोक डाग बघायला येतात. शेजारचा सुपडू तर दोनदा येऊन गेला.

महाशिवरात्रीला गेल्या दोन वर्षांप्रमाणे तोरणमाळच्या डोंगरावर गोरखनाथाला अनवाणी चढणार. तुझ्या घरी सरलाबाईंना नमस्कार सांग, त्यांची कढी फार चांगली होती.

तुझा,
रतिलाल


सुरत
२७ जानेवारी १९६५

दाजींना चुनीलालचा वाकून नमस्कार, आणि जरा जास्तच वाकून, कारण पुढचं वाचून आपण रागावणार.

पत्र पोचलं. आपण मोळी उचलली हे वाचून मी पेढीवर कापसाच्या गाठींचा हिशेब दोनदा चुकवला. दाजी, मोळी उचलू नका. तशा गोळ्या बारीक आहेत, सकाळी एक, संध्याकाळी एक. त्याने काही बिघडत नाही. मीठ जरा कमी खावं, विडी जमल्यास सोडावी, आणि तोरणमाळला यंदा न जाता पुढच्या वर्षी जावं असं मला आपलं वाटतं. तिथे थंडी फार असते. शिवाय यंदा वाट फार खराब आहे असं इथे कोणीतरी म्हणत होतं.

डागांवर खोबरेल लावावं. बाकी सगळं ठीक.

आपला,
चुनीलाल


कळसाडी
२ फेब्रुवारी १९६५

चुनीलाल,

सुरतेत बसून तोरणमाळची वाट खराब आहे हे कोणी सांगितलं ते कळव, म्हणजे त्याला मी नेऊन दाखवतो. थंडीचं म्हणशील तर मी पंचावन्न वर्षं याच सातपुड्याच्या वाऱ्यात वाढलो. तू लहानपणापासून खोटं बोलायला लागलास की एकदम चार कारणं देतोस. तुझ्या बहिणीने हे मला लग्नातच सांगितलं होतं.

इकडची हकीकत. डाग आता हिरवट-पिवळे व्हायला लागले आहेत. सुपडू म्हणतो, जांभळा रंग म्हणजे दुखणं वर आलं, हिरवा म्हणजे निघालं, पिवळा म्हणजे संपलं. त्याला स्वतःला सुरतेला जायचं आहे. त्याच्या गुडघ्यावर दोन वाट्या आणि कमरेवर चार लावतील का, हे त्याने तुला विचारायला सांगितलं आहे. म्हाताऱ्या दगाला दम्यासाठी पाहिजे. इंद्रसिंगची आई म्हणते, तिला कुठेही लावा पण लावा. मी सगळ्यांना सांगितलं की माझा मेव्हणा सुरतेला आहे, तो व्यवस्था करील. एकूण पाच माणसं आहेत. सगळ्यांना तुझ्याकडेच उतरावं लागेल.

आता खरं सांग. तोरणमाळला नको असं का म्हणतोस? जसोदाने तुला काही लिहिलं का?

रतिलाल


सुरत
६ फेब्रुवारी १९६५

दाजी,

पाच माणसांचं वाचलं आणि ठरवलं की आता खरं लिहिल्यावाचून सुटका नाही. सरलाही तेच म्हणाली. ती भित्री नाही, मी आहे.

त्या यंत्राने आपलं काहीही काढून घेतलं नाही. त्याला कार्डिओग्राम म्हणतात. छातीवर वाटी ठेवली की हृदय कसं चालतं त्याच्या रेघा कागदावर उमटतात. ते फक्त बघायचं यंत्र आहे. डाग पडले ते वाटीने कातडी ओढल्यामुळे, आणि वीज सारखी गेल्यामुळे पुन्हा पुन्हा ओढल्यामुळे. आत रक्त साकळलं, एवढंच. ते औषध नव्हे, इजा आहे. कंपौंडर मला म्हणाला होता, तुमच्या पाहुण्यांची कातडी फार नाजूक निघाली. हे मी आपल्याला मुद्दाम सांगितलं नाही.

रेघा बघून डॉक्टर म्हणाला की हृदय थकलं आहे. एक वर्ष जड उचलायचं नाही, चढण चढायची नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत. मी विचारलं, डोंगर चढला तर? त्याने चष्मा काढला. म्हणाला, पाठवणाऱ्याने खांद्यावरून परत आणायची तयारी ठेवावी.

हे सगळं स्टेशनवर आपल्या तोंडावर सांगायला माझी जीभ रेटली नाही. आपण एकटे गाडीत बसणार, मध्येच घाबरलात तर कोण बघणार, असं वाटलं. म्हणून खोटं बोललो. एका वाक्यापुरतं बोललो होतो, पण त्यावर आपण अख्खा गाव सुरतेला आणायला निघालात. हवं तर मला दोन शिव्या द्या, पण गोळ्या घ्या आणि तोरणमाळ सोडा.

चुनीलाल


कळसाडी
१० फेब्रुवारी १९६५

चुनीलाल,

दोन नाही, सात दिल्या. कागदावर लिहिण्यासारख्या नव्हत्या म्हणून गोठ्यात जाऊन दिल्या.

नुसतं बघायचं होतं तर डोळ्याने बघायचं. एका माणसाची छाती भादरून, चोवीस वेळा कातडी ओढून, शेवटी सांगायचं की आम्ही फक्त बघितलं? सुपडूला मी हे सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. गावात माझी काही इज्जत आहे. त्या पाच जणांना कळवलं की सुरतेला यंत्र बिघडलं आहे.

आता तुझं म्हणणं खरं धरू. हृदय थकलं, कबूल. काट्यावर घेरी आली ती उन्हाची नव्हती, हे मलाही कळत होतं. तरी मी चढणार आहे, आणि का ते तुला एकट्याला सांगतो. तुला तुझ्या पोरांची शपथ आहे, जसोदाला कळता कामा नये.

दोन वर्षांपूर्वी तिला मुदतीचा ताप आला होता, आठवतं? तू येऊन गेलास तेव्हा अठरावा दिवस होता. विसाव्या दिवशी तिने मला ओळखलं नाही. मला म्हणाली, भाऊ, दार लोटून घ्या. तेहतीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला भाऊ म्हणाली. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो आणि गोरखनाथाला बोललो की हिला उठव, तीन शिवरात्री पायथ्यापासून वर अनवाणी येईन. दुसऱ्या दिवशी तिने पेज मागितली. दोन शिवरात्री झाल्या, ही तिसरी. देवाशी केलेला करार दोन हप्ते देऊन मोडायचा आणि तिला पुन्हा काही झालं तर मी कोणाकडे बघू?

तिला मी सांगितलं आहे की नवस ढवळ्या बैलासाठी आहे, त्याला त्याच वेळी खुरकत झाली होती. खरं सांगितलं तर ती मला जाऊच देणार नाही. शिवाय आयुष्यभर माझ्या डोक्यावर बसेल ते वेगळं.

आता मी असं ठरवलं आहे. तुझा डॉक्टर नुसता बघतो, फुलसिंग निदान काढतो तरी. या बाजाराला त्याच्याकडून त्याच सहा जागी तुंबड्या लावून घेतो. उरलंसुरलं निघेल आणि चढायला मोकळा होईन.

गोळ्या घेणार नाही. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही.

रतिलाल


सुरत
१३ फेब्रुवारी १९६५

ताई,

हे पत्र वत्सलाबाईंकडून वाचून घे, दुसऱ्या कोणाकडून नको. दाजींसमोर तर मुळीच नको.

डॉक्टरचं म्हणणं तुला आजवर कळवलं नाही ही माझी चूक. दाजींचं हृदय थकलं आहे. गोळ्या घेतल्या आणि डोंगर चढले नाहीत तर चांगले दिवस काढतील, असं त्याचं मत आहे. चढले तर त्याने काय सांगितलं ते मी लिहीत नाही. दाजींना मी सगळं कळवलं, तरी ते ऐकत नाहीत. ते का ऐकत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण पोरांची शपथ घातली आहे. त्यामुळे मला विचारू नकोस.

ताई, तू त्यांना अडव. कसं ते मला सुचत नाही. येत्या बाजाराला ते फुलसिंगकडून तुंबड्या लावून घेणार आहेत आणि मग चढणार आहेत. मी इथे रोज शिवरात्रीला किती दिवस उरले ते मोजतो आहे.

चुनीलाल


कळसाडी
१७ फेब्रुवारी १९६५

चि. चुनीलाल यास जसोदाताईचे आशीर्वाद. पत्र लिहिणार वत्सलाबाई, शाळेतल्या मास्तरांच्या घरच्या.

भाऊ, तुझं पत्र वाचून मी आधी पोटभर रडले, मग ज्वारी दळली, मग डोकं चालायला लागलं. तुझ्या शपथेचं मला काही वाटत नाही, कारण त्यातलं मला माहीत आहे. तुझे दाजी ढवळ्या बैलासाठी चढतात. दोन वर्षं चढतात. एका बैलासाठी माणूस जीव द्यायला निघाला आणि तू ते शपथेपायी पोटात ठेवतोस. तुम्ही दोघे एकाच मापाचे. (इथे जसोदाबाई जे बोलल्या ते मी गाळले आहे. वत्सला.)

आता मी काय केलं ते ऐक. फुलसिंगबाबा बाजाराच्या आदल्या दिवशीच गावात उतरतो. मी त्याच्याकडे गेले, चहा दिला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाई, छातीला मी तुंबडी लावतच नाही, तिथे जीव असतो. मी म्हटलं, या वेळेपुरती लाव, पण हलकी लाव, रक्त काढू नको, डाग तेवढा उठू दे. आणि पथ्य सांग. तो म्हणाला, काय पथ्य सांगू? मी म्हटलं, डाग अंगावर आहे तोवर मीठ नाही, विडी नाही, ओझं नाही, चढण नाही. त्याने थोडा विचार केला आणि आणखी एक आपल्या मनाचं घातलं, की तुंबडीचा डाग अंगावर असताना गोरखनाथाची पायरी शिवायची नाही, देव ते पाऊल घेत नाही. मी विचारलं, बाबा, असा नियम आहे का? तो म्हणाला, कालपर्यंत नव्हता.

काल तुझ्या दाजींनी सहा तुंबड्या लावून घेतल्या. मी काही माहीत नाही असं तोंड करून पलीकडे वांगी निवडत होते. शिंग लावताना फारच फुशारकी मारत होते. मग फुलसिंगबाबाने पथ्य सांगितलं. डाग किती दिवस राहील, विचारलं. बाबा म्हणाला, एकवीस. शिवरात्र तेरा दिवसांवर आहे. तुझ्या दाजींनी बोटं मोजली, पुन्हा मोजली.

गोळ्यांचं अजून जमलं नाही. गुळात घालून दिली तर चावून थुंकली. (गोळी कडू आहे हे मी जसोदाबाईंना आधीच सांगितले होते. वत्सला.)

मी सांगस ते बरोबर लिख, असं मी हिला सारखं बजावते, पण ही मास्तरीण शे, ती आपलंच लिहिते.

तुझी,
जसोदाताई


कळसाडी
२० फेब्रुवारी १९६५

चुनीलाल,

राग सोडून लिहितो आहे. काम तसंच आहे.

मी अडकलो. फुलसिंगकडून तुंबड्या लावून घेतल्या आणि नंतर तो सांगतो की एकवीस दिवस चढण नाही, आणि डाग अंगावर असताना देवाची पायरी शिवायची नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं त्याला? चाळीस वर्षं त्याची तुंबडी बघतो, असलं पथ्य कधी ऐकलं नाही. पण तो म्हणतो, पाठीच्या तुंबडीला नसतं, छातीच्या तुंबडीला असतं. त्याच्याशी वाद कसा घालणार. डोंगर त्याचा, देव त्याचा, मी खालच्या मुलखाचा माणूस.

डाग जाण्यासाठी हळद लावली, चुना लावला, घासणीने घासून बघितलं. घासल्यावर आणखी लाल झाले. जसोदा बघत होती. ती घासणी उचलून घेऊन गेली.

पथ्य मोडून गेलो तर नवस देवाला पोचणार नाही. नाही गेलो तर नवस बुडाला. दोन्हीकडून जसोदाच्या जिवावर बेततं आणि तिला मी हे सांगूही शकत नाही. कालपासून ती जरा खोकली तरी माझ्या घशाखाली घास उतरत नाही. ज्वारीच्या पिठाने खोकते हे मला माहीत आहे, तरी उतरत नाही. तिच्याआधी मला न्यावं, एवढं एकच मी देवाजवळ मागत आलो, आणि आता माझ्याच मूर्खपणाने उलटं व्हायची वेळ आली आहे.

तू एक काम कर. त्या सुरतेच्या डॉक्टरला विचार की तुंबडीचा डाग लवकर जायला काही औषध आहे का, आणि छातीच्या तुंबडीचं हे पथ्य खरं की खोटं. तो शिकलेला आहे. उलट टपाली कळव.

रतिलाल


सुरत
२३ फेब्रुवारी १९६५

दाजी,

डॉक्टरला जाऊन विचारलं. सगळं खरं-खरं लिहितो, कारण एकदा खोटं बोलून पस्तावलो आहे.

आधी तो पुष्कळ हसला. मग म्हणाला, मीठ नको, विडी नको, ओझं नको, चढण नको, हे मी सांगितलं तेच आहे. त्या डोंगरातल्या माणसाला माझा नमस्कार सांगा, माझं कोणी ऐकत नाही, त्याचं ऐकतात. देवाच्या पायरीचं मात्र त्याला काही सांगता आलं नाही. डाग घासू नका, आपोआप जातील. आणि छातीवर पुन्हा काही लावून घेतलंत तर तेच मी तुमच्या या मेव्हण्याच्या छातीवर लावीन, असं तो माझ्याकडे बोट करून म्हणाला.

दाजी, नवसाचं काय करावं हे मला कळत नाही. मला एवढंच कळतं की ताईला सांगून टाका. तुम्ही दोघे मला पत्रं लिहिता आणि मी एकाचं दुसऱ्यापासून लपवत बसतो. मलाही आता जेवण जात नाही, आणि माझं हृदय तर चांगलं आहे.

चुनीलाल


कळसाडी
२५ फेब्रुवारी १९६५

चि. चुनीलाल यास आशीर्वाद.

घाईत आहे. तुझे दाजी तीन दिवस जेवले नाहीत. ओट्यावर बसून नुसते तोरणमाळच्या बाजूला बघतात. मला वाटलं होतं, एक दिवस चिडतील आणि विसरतील. बैलाच्या नवसासाठी माणूस एवढा झुरेल असं वाटलं नव्हतं. मीच फुलसिंगबाबाला पथ्य सांगायला लावलं, आता माझाच जीव मला खातो.

म्हणून ठरवलं की त्यांचा नवस मी फेडते. नवऱ्याचा नवस बायकोने फेडला तर चालतो का, म्हणून फुलसिंगबाबाला विचारलं. या वेळी मनाचं नको, खरं सांग, असंही बजावलं. तो म्हणाला, खरंच चालतो. गल्लीतल्या सिंधुबाई आणि मंगलाबाई बरोबर आहेत. पायथ्यापर्यंत बैलगाडी, तिथून वर अनवाणी. गाडीला ढवळ्यालाच जुंपते. त्याच्यासाठी चालले आहे, त्याने एवढं करावं.

तुझ्या दाजींना सांगितलं तर ते ताडकन उठले. तू नको जाऊ, तू सोडून कोणीही जाऊ दे, असं म्हणायला लागले. का ते सांगेनात. मी म्हटलं, तुमच्या पायांना जमतं आणि माझ्या नाही? रोज पाणी कोण आणतं?

(जसोदाबाई बावन्न वर्षांच्या आहेत, हे आपल्या माहितीसाठी. मी स्वतः त्यांना दोनदा अडवून पाहिले. वत्सला.)

तुझी,
ताई


कळसाडी
५ मार्च १९६५

चुनीलाल,

तुझी बहीण परत आली. हे वाक्य मी कोणाच्या हुकमावरून लिहीत नाही.

ती गेली ते चार दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पथ्य मोडून मागोमाग जाण्यासाठी दोनदा उठलो. एकदा तर बांधापर्यंत गेलो, मग पायरीचं आठवलं आणि मुकाट परत फिरलो. सुपडू येऊन बसायचा आणि डागांकडे बघून म्हणायचा की या वेळचे सुरतेच्या मानाने फिके आहेत. मी त्याला हाकलून दिलं. पहिल्यांदाच असं वाटलं की कोणी माझ्या छातीकडे बघू नये.

परवा दुपारी गाडी आली. जसोदा उतरली ती टाचांवर. तळपायांना फोड आले होते आणि एका अंगठ्याचं नख उचकटलं होतं. तोंडाने मात्र प्रसाद घ्या, प्रसाद घ्या, चाललं होतं. वरच्या तळ्यावर पाय धुतले, पहाटे दर्शन झालं, गर्दी पुष्कळ होती, असं सगळं सांगत बसली. मी काहीएक ऐकलं नाही. तेल कोमट केलं आणि तिचे पाय मांडीवर घेऊन ओट्यावर बसलो, भर दुपारी, अख्ख्या गल्लीसमोर. ती पाय ओढून घ्यायला लागली. म्हणाली, काय करताय, लोक बघताहेत, तुम्हाला ओझं उचलायचं नाही. म्हटलं, हे ओझं नाही. गप्प बस.

आणि मग मी सांगून टाकलं. विसाव्या दिवशी तू मला ओळखलं नाहीस, नवस तुझ्यासाठी होता, बैलासाठी नव्हता. तू स्वतःच्याच जिवासाठी चढून आलीस.

चुनीलाल, ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. मग तिने फुलसिंगचं, पथ्याचं, गुळातल्या गोळीचं, सगळं कबूल केलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी तिला बैल सांगितला, तिने मला पायरी सांगितली. घर आमचं असंच चालत आलं आहे.

मी म्हटलं, बरं झालं, तिन्ही शिवरात्री झाल्या, आता सुटलो. तर ती खाली मान घालून पदराच्या दशा मोजायला लागली. विचारलं, काय? पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, "मी वर गेले ती तुमचा नवस फेडायला. पण गेलेच होते म्हणून आपलाही एक बोलून आले. तुमच्या छातीसाठी. तीन शिवरात्री."

मी म्हटलं, अगं, तुझ्या पायांची काय दशा झाली ती बघ, आता हे तीन वर्षं चालायचं? म्हणाली, चालायचं. म्हटलं, मी तुला जाऊ देणार नाही. म्हणाली, देवाशी केलेला करार मोडायचा असतो का? माझंच वाक्य, चुनीलाल. तुला लिहिलं होतं तेच, बैलाच्या नावाने कधीतरी तिलाही मीच ऐकवलं असणार.

तेव्हा आता असं झालं आहे. फोड बरे होतील आणि पुढच्या शिवरात्रीला ती पुन्हा अनवाणी चढेल. त्याच्या पुढच्या वर्षी आणि त्याच्याही पुढच्या वर्षी. माझ्यासाठी माणूस एवढं चढणार आणि मी मध्येच मरून गेलो, तर तिने खालून कोणासाठी निघायचं आणि वर जाऊन देवाला काय सांगायचं? मला ते चालणार नाही.

देवळीतली पुडी काल सकाळी फोडली. गोळी कडू आहे, तुझी बहीण समोर उभी राहून गिळल्याची खात्री करून घेते. मोजून बघितल्या, महिनाभर पुरतील.

पुढच्या पाठव. तीन वर्षांच्या पाठव.

तुझा दाजी,
रतिलाल